वैनगंगेवरचा मेश्रामकाकांचा दिवा

आमच्या घाटावरचे किस्से कोणी मुद्दाम जमवले नाहीत. नाव पलीकडून येईपर्यंत माणसं माझ्या टपरीवर बसायची, चहा प्यायची आणि एखादा किस्सा ठेवून जायची. खरं सांगू? चहापेक्षा किस्सेच जास्त खपायचे!

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचा काळ. काठावर विटांचा मनोरा होता, वर काचेच्या पेटीत रॉकेलचा दिवा. संध्याकाळच्या नावा त्या उजेडावर घाट शोधायच्या. दिवा लावायचे मेश्रामकाका.

वरठीला रेल्वेतून उतरून एक नवे साहेब आले. मनोऱ्याकडे बघून हात जोडले. "हे मंदिर कोणाचं?"

काका म्हणाले, "ज्याले पोहता येत नाही, त्याचं!"

* * *

नथ्थू नावाडी मोठा फुशारकीचा. "मले दिवा कायले पाह्यजे? नदी माह्या पायाखालची हाय!"

एकदा धुक्यात अख्खी वरात घेऊन निघाला, आणि नाव लावली थेट मसणघाटाला! नवरदेव हळूच म्हणाला, "भाऊ, आधी लगन तं होऊ द्या!"

* * *

काकांची विमल पलीकडच्या गावात दिली होती. दिवा लावला की काका त्याच्यापुढे क्षणभर दुपट्टा धरायचे. ही लेकीला खूण, की बाप बरा आहे. विमल अंगणातून बघायची.

एक दिवस सासूनं विचारलं, "काहून वं, तुह्या बापाचा दिवा डोळा मारते का?"

* * *

ऐंशीनंतर पूल झाला. नावा बंद, दिवाही बंद. पहिल्या दिवशी नथ्थू पुलावरून पलीकडे जाऊन आला आणि टपरीवर येऊन बसला.

"कसा हाय पूल?" मी विचारलं.

"लवकर पोचलो, बाई. पण रस्त्यात कोनाशी बोलनंच नाही झालं!"

* * *

काका थकले, तेव्हा विमल त्यांना न्यायला बसनं आली. काका म्हणाले, "मी नावेनंच येईन."

नथ्थूनं पालथी पडलेली नाव काढली. ती गळत होती. मी सोबत गेले, माझ्याच किटलीनं पाणी उपसत. विमल रागावत होती, हसत होती, डोळे पुसत होती.

पलीकडे उतरलो तेव्हा दिवस मावळत होता. काका वळले आणि मनोऱ्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं रोज दिवेलागणीला त्यांना वर चढावं लागायचं. त्यामुळे दिवस मावळताना ते या काठावर कधी नव्हतेच.

"बाप्पा! इथून इतकासाच दिसते?"

अंधारून आलं. मनोराही दिसेनासा झाला.

"नथ्थू, दिसून राहिला का रे दिवा?"

नथ्थू तिकडेच बघत होता. म्हणाला, "दिसून राहिला, काका."