गालिच्याखालची फरशी

या पानावरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलेय. खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी वाचून झालं की मनातल्या मनात मी त्याला उत्तर शोधायचे... झोप झाली नसेल, आधी कुठेतरी ऐकलं असेल, योगायोग असेल. माझं कामच तसं आहे. मी डेटा ॲनालिस्ट आहे. एखादी नोंद विचित्र दिसली की ती कुठून आली हे शोधून काढायचं. आत्मा, पुनर्जन्म वगैरे कशावर माझा विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं मला म्हणवत नाही. पण आईच्या बाबतीत जे झालं त्याचा उलगडा मला दोन वर्षांत झालेला नाही. घरात आता हा विषय कोणी काढत नाही. म्हणून इथे लिहितेय.

मी आणि माझा नवरा मंदार सतरा वर्षं पिनरला राहतो, लंडनच्या वायव्येला. आई नागपूरची. शाळेत गणित शिकवायची, तेही असं की वर्गातली मुलं तिच्या पावलांच्या आवाजाने गप्प व्हायची. बाबा गेल्यावर ती माझ्या धाकट्या भावाकडे, प्रसादकडे राहायला लागली. मग हळूहळू विसरणं सुरू झालं. एकच गोष्ट दहा मिनिटांत तीनदा विचारायची. एकदा आमच्या जुन्या घरामागच्याच गल्लीत रस्ता चुकली, ज्या भागात तिने चाळीस वर्षं काढली होती. डॉक्टरांनी जे सांगितलं ते आम्हाला आधीच कळून चुकलं होतं.

मी तिला सहा महिन्यांसाठी इकडे बोलावून घेतलं. प्रसाद आणि त्याच्या बायकोला जरा उसंत मिळावी असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. ती मला पूर्ण विसरायच्या आत मला ती थोडी हवी होती, बस. कारण तेव्हा ती काहीही विसरत होती, पण मला नाही. बाबा गेलेत हे विसरायची, आपण कुठल्या देशात आहोत हे विसरायची... सकाळी जिन्यावरून मात्र हाक यायची, “वैशू, उठलीस का गं?”

सप्टेंबर संपत आला होता. मंदारला मंगळवारी सुट्टी होती, हवा छान होती, म्हणून आम्ही तिला ऑक्सफर्ड दाखवायला निघालो. गाडी गावाबाहेरच्या पार्क अँड राइडला लावली आणि बसने आत गेलो. आपण कुठे चाललोय हे आईने वाटेत चार वेळा विचारलं. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते — आई त्याआधी कधीच भारताबाहेर गेली नव्हती. पासपोर्टसुद्धा याच प्रवासासाठी काढला होता. आमच्या नात्यात कोणी ऑक्सफर्डला शिकलेलं नाही. मी नंतर मावशीला, प्रसादला, आईच्या शाळेतल्या दोन मैत्रिणींना खोदून खोदून विचारलं.

आधी एका जुन्या कॉलेजात गेलो. नाव मुद्दाम देत नाही, पुढे येणाऱ्या चर्चचंही देणार नाही. मोठा दरवाजा, आत पिवळसर दगडाच्या इमारतींनी चारही बाजूंनी वेढलेलं चौकोनी अंगण, मधे हिरवळ, त्यावर पाय ठेवायचा नाही अशी पाटी. मंदार माहितीपत्रक वाचून दाखवत होता, हे छत कधीचं, ती खिडकी कुणी बसवली. आई दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशी आमच्याबरोबर चालत होती. ती कंटाळलीय, आता हिला कुठेतरी बसवून चहा द्यावा, असं माझ्या डोक्यात चाललं होतं.

दुसऱ्या अंगणात आलो आणि ती थांबली. माझा हात तिने घट्ट धरला.

“इकडून नको,” ती म्हणाली. “इकडून लांब पडतं.”

आणि मला ओढत कोपऱ्यातल्या एका बुटक्या कमानीकडे निघाली. हे असं भरकटणं आम्हाला नवीन नव्हतं. मंदार समजुतीने म्हणाला, की आई, तिकडे बहुतेक रस्ता नाहीये. तर ती त्याला म्हणाली, “आहे. पायऱ्या उतरून जायचं. शेवटची पायरी उंच आहे, सांभाळा.”

कमानीतून आत एक अंधारी वाट होती, ओल्या दगडाचा वास येणारी. ती डावीकडे वळली आणि खरंच खाली चार पायऱ्या. पहिल्या तीन साध्या, चौथी जवळजवळ दुप्पट उंच. मंदार सांगूनही अडखळला. आई अडखळली नाही. गुडघ्यांमुळे ती घरातला जिनासुद्धा कठडा धरून, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरायची. तिथे ती खाली न बघता उतरली. पुढे एक छोटं परस, त्यात एक लाकडी फाटक, आणि फाटकाबाहेर गल्ली. यातलं काहीही अंगणातून दिसत नाही. नंतर मी पुन्हा जाऊन बघितलंय.

गल्लीत ती उजवीकडे वळली. भिंतीला टेकवलेल्या सायकलींच्या शेजारून, माणसांना चुकवत, भराभर चालत राहिली. आणि आता लाज वाटते, पण तेव्हा मला आनंद झाला होता. कितीतरी महिन्यांनी आई इतक्या खात्रीने काही करत होती! मी मागून फोनवर व्हिडिओसुद्धा घेतला. तो अजून माझ्याकडे आहे. त्यात फक्त तिची पाठ दिसते आणि माझं हसणं ऐकू येतं.

ती एका लहानशा चर्चपाशी थांबली. प्रवासी मुद्दाम बघायला जातात असं ते नाही. बाहेर ‘उघडे आहे, आत या’ अशी पाटी होती. आत टेबलाशी एक पांढऱ्या केसांच्या बाई बसल्या होत्या, मार्गारेट त्यांचं नाव, आठवड्यातून दोन दिवस चर्च उघडं ठेवायला यायच्या. त्यांनी हसून स्वागत केलं. आईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. रंगीत काचा, वेदी, कशाकडेच नाही. सरळ मागच्या डाव्या कोपऱ्यात गेली.

तिथे लहान मुलांसाठी जागा केली होती. बुटक्या खुर्च्या, लाकडी खेळण्यांचं खोकं, खाली रंगीबेरंगी गालिचा. आई जमिनीवर बसली. आठ वर्षांत ती जमिनीवर बसली नव्हती. तिने एकेक खेळणं उचलून बाजूला ठेवायला सुरुवात केली, आवाज होऊ नये अशा बेताने. सगळी झाल्यावर गालिच्याचं टोक ओढायला लागली.

मी तिचे हात धरले. म्हटलं, “आई, काय करतेस? लोकांचं आहे ते.”

“हिच्या अंगावर ठेवलंय सगळं,” ती म्हणाली. “काढू दे मला.”

“कोणाच्या?”

“माझ्या मुलीच्या.”

मला वाटलं ती घाबरलीय, माझ्याबाबतच काहीतरी गोंधळ करतेय. मी तिच्या समोर बसले, तिचा चेहरा माझ्याकडे वळवला आणि म्हटलं, “आई, मी इथे आहे ना.”

तिने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, भीती नव्हती. मदत करू बघणाऱ्या परक्या माणसाकडे आपण बघतो तसं बघितलं.

“माझी चार वर्षांची होती,” ती म्हणाली. “तुम्ही नका त्रास करून घेऊ.”

तुम्ही... माझी आई मला तुम्ही म्हणाली.

तोवर मार्गारेटबाई आल्या. त्या रागावतील म्हणून मी घाईघाईने माफी मागितली, आईच्या आजाराचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांचे यजमान याच आजाराने गेले होते. ती काय म्हणतेय असं त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, की तिला बघायचं असेल तर बघू दे, त्यात कुणाचं काय जातं. गालिचा कडेने चिकटपट्टीने पक्का केलेला होता. त्या स्वतः गुडघ्यांवर बसल्या आणि नखांनी पट्टी सोडवायला लागल्या. त्या अकरा वर्षं तिथे येत होत्या. गालिचा त्याच्याही आधीपासून होता. त्याच्याखाली काय आहे हे त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

गालिच्याखाली जाड लोकरीच्या नमद्याचा थर निघाला, त्याखाली दगडी फरश्या. त्यातली एक बाकीच्यांपेक्षा लहान होती, भिंतीला लागून. आम्ही नीट बघायच्या आत आईचा तळहात त्या फरशीवर गेला होता.

मंदारने फोनचा टॉर्च तिरका धरला तेव्हा अक्षरं दिसली. झिजलेली होती. मार्गारेटबाईंनी बोट फिरवत फिरवत वाचलं. मेरी, अमक्याची मुलगी — बापाचं नाव पुसलं गेलं होतं — वयाच्या पाचव्या वर्षी.

मला एकदम हायसं वाटलं. मी मोठ्याने म्हणाले, पाच, आई तर चार म्हणाली होती. जणू एवढ्याने सगळं मिटणार होतं. मार्गारेटबाईंनी मान हलवली. म्हणाल्या, पूर्वी चर्चच्या फरशीखालीच पुरायचे आणि त्या दगडांवर असंच लिहायचे, पाचवं वर्ष चालू होतं असा त्याचा अर्थ. म्हणजे चार पूर्ण झालेली.

आई त्या फरशीला थोपटत होती. लहानपणी मला आणि प्रसादला झोपवताना थोपटायची तसं, अगदी हलक्या हाताने. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी मात्र तिच्या शेजारी बसून रडत होते, आणि ज्या बाईच्या कुशीत शिरून रडावं ती बाई एका परक्या दगडाला थोपटत होती.

अर्ध्या तासाने ती आपणहून उठली. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपली. घरी आल्यावर दारातच थांबली आणि मंदारला हळूच विचारलं, “ह्या बाई कोण?”

त्या दिवसानंतर तिने मला कधीही नावाने हाक मारली नाही. मी रोज सकाळी जिन्याच्या खाली उभी राहायचे. नाव विचारलं की ती विचारात पडायची, माझं मन मोडू नये म्हणून कुठलंतरी नाव सांगायची. डिसेंबरमध्ये मंदार तिला नागपूरला सोडून आला. माझ्याच्याने ते झालं नसतं.

मी उत्तर शोधायचा प्रयत्न केला नाही असं नाही. नॉटिंगहॅमला माझी एक मैत्रीण न्यूरॉलॉजिस्ट आहे. ती म्हणाली, या आजारात मेंदू रिकाम्या जागा मनाच्या गोष्टींनी भरून काढतो, आणि रुग्णाला त्या खऱ्याच वाटतात. फरशीचं विचारलं तेव्हा तिने आईला कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं. मी त्या चर्चचे इंटरनेटवर सापडतील तेवढे फोटो बघितले. सगळ्यांत गालिचा आहे. मार्गारेटबाईंनी तिथल्या समाध्यांची जुनी यादी काढून बघितली, त्या फरशीची नोंदच नव्हती. मी कॉलेजात पुन्हा गेले तर परसातलं फाटक बंद. दारावरचा माणूस म्हणाला, ते नेहमीच बंद असतं, प्रवाशांना तिकडून सोडत नाहीत.

लोक म्हणतात, मागच्या जन्माचं काहीतरी असेल. असेलही. पण मग मला एवढंच विचारायचंय, की सगळं विसरायचंच होतं तर तेही का नाही विसरली? मी त्रेचाळीस वर्षं तिची मुलगी होते. माझे ताप, माझ्या परीक्षा, विमानतळावर तिने मला सोडलं तो दिवस, सगळं पुसलं गेलं आणि कोण कुठली चार वर्षांची मुलगी शिल्लक राहिली. प्रसाद म्हणतो, आजारच आहे तो, ती तुला आज ना उद्या विसरणारच होती. बरोबर असेल त्याचं. पण मीच तिला तिथे नेलं होतं. नेलं नसतं तर कदाचित आणखी थोडे महिने मिळाले असते.

या मार्चमध्ये नागपूरला गेले. जायच्या आधी एकटीच ऑक्सफर्डला जाऊन आले. मार्गारेटबाईंनी आता तो गालिचा थोडा अलीकडे सरकवलाय, फरशी मोकळी असते. मी तिच्यावर फुलं ठेवली. का, ते मलाही माहीत नाही. त्या मुलीचा मला रागच येतो खरं तर.

आई दुपारच्या उन्हात गॅलरीत बसली होती. खूप वाळलीय. बोलत नाही फारसं. मी शेजारी बसून तिला सांगितलं, की तिथे जाऊन आले, फुलं ठेवली, अंगावरचं सगळं काढलंय. तिला कळेल असं वाटलं नव्हतं. तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला.

“उपकार झाले तुमचे,” ती म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, “तुम्हाला आई आहे?”

मी म्हटलं, “आहे.”

“मग इथे काय बसलाय? तिच्याकडे जा. वाट बघत असेल ती.”

मी हो म्हटलं. आणि तिथेच बसून राहिले. याचा अर्थ काय लावायचा हे मला कळलेलं नाही, आणि कोणी सांगितला तरी आता तो घेऊन मी काय करू, तेही कळत नाही.