लंबकचा पिंजरा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून काही लपवून ठेवणं किती अवघड आहे ते आमच्या घरात आलेल्या कोणालाही विचारा. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही. म्हणूनच कदाचित जमेल — जमलं तर.

मी सुतार. बाप सुतार, आजा सुतार. लातुरात आमचं दुकान होतं. आता मी नांदेडला, विष्णुपुरीच्या अलीकडं मुलीकडं राहतो. हात थरथरतो, म्हणून रंधा धरत नाही. पण माझ्या हाताचं एक नाव होतं, ते आधी सांगतो — फुशारकी म्हणा हवं तर. मुनीरनं बसवलेलं दार पावसाळ्यातही अडकत नाही, असं लोक म्हणायचे. एक सूत इकडचं तिकडं नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी तेवढीही चूक करत नसे. हे लक्षात असू द्या.

आता कुत्र्याचं सांगतो. की सरांचं आधी सांगू?

कुत्र्याचंच सांगतो. भूकंप झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही चार-पाच सुतार करवती घेऊन ट्रकमधून पडलेल्या गावांकडं गेलो. दगडामातीच्या भिंती खचलेल्या, वर माळवदाची लाकडं आडवी पडलेली; ती कापल्याशिवाय खालचं काही काढता येत नव्हतं. तिथं काय काय निघालं ते मी सांगणार नाही. एका दाराची चौकट तेवढी तिरकी उभी राहिली होती, आणि तिच्या कोपऱ्यात एक पिल्लू होतं. मातीनं इतकं माखलेलं, की आधी मला चिंध्याच वाटल्या. मी त्याला शर्टात घालून लातूरला आणलं. त्या दोन दिवसांत माझ्या हाताला जिवंत असं तेवढंच लागलं होतं.

अब्बा दारातच उभे राहिले. "घर में नक्को," एवढंच म्हणाले. घरात पाच वेळा नमाज व्हायची, त्यांचंही चुकत नव्हतं. मी हट्ट केला नाही. आमच्या दुकानासमोर बिराजदार सर राहायचे. ते फिजिक्सचे मास्तर, गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, आणि बोलताना प्रत्येक गोष्टीचं माप. पिल्लू मी त्यांच्या ओट्यावर ठेवलं. शेपटी सारखी हलत होती, म्हणून सरांनी त्याचं नाव ठेवलं लंबक. गल्लीनं दोन दिवसांत त्याचं लंब्या केलं. मी मात्र लंबकच म्हणायचो.

म्हणजे बघा — काढला मी, ठेवला त्यांनी. दिवसभर सर शिकवायचे आणि लंबक माझ्या दुकानात भुशावर पडलेला असायचा. चार वाजता सरांची शेवटची बॅच सुटायची. तो उठायचा, अंगावरचा भुसा झटकायचा आणि रस्ता ओलांडून जायचा. नऊ-दहा वर्षं रोज हे चाललं. कोणाचा म्हणाल तुम्ही त्याला?

त्या वर्षांत लातूर पार बदललं. स्लॅबखाली बसायला पोरं घाबरत, म्हणून सरांनी अंगणात पत्र्याचं शेड टाकलं होतं. बाक मीच केले. मग गल्लीगल्लीत क्लास निघाले. जळकोटची, बिलोलीची, कुठकुठली पोरं खोल्या करून राहायला आली. दारं-खिडक्या राहिल्या बाजूला, मी नुसते बाकच करत होतो. दुकानात फोन बसला. नव्या क्लासवाल्यांना कोणीतरी सांगायचं, मुनीरकडं जा, त्याचं माप चुकत नाही.

सरांच्या मंडळी वारल्या, आणि पाठोपाठ डोळ्यांत काचबिंदू निघाला. मुलगा गुवाहाटीला नोकरीला. त्यानं तिथं ऑपरेशनची तारीख घेतली, आणि बाबा आता इकडंच राहतील असं ठरवून टाकलं. सर म्हणाले, लंबक येणार असेल तर येतो. रेल्वेचा तीन दिवसांचा प्रवास म्हाताऱ्या कुत्र्याला सोसणार नाही, हैदराबादहून विमान. मुलानं विमान कंपनीचे नियम टाइप करून पाठवले.

सरांनी तो कागद प्रश्नपत्रिकेसारखा सोडवला. भिंग लावून एकेक कलम मोठ्यानं वाचायचे आणि पुढं बरोबरची खूण करायचे. जनावर प्रवाशांत बसणार नाही, खाली सामानाच्या कप्प्यात जाईल. नाक चपटं असेल तर घेणार नाहीत — लंबकचं नाक लांब, खूण. गुंगीचं औषध चालणार नाही, खूण. जनावरांच्या डॉक्टरचा दाखला ताजा हवा. भर उन्हाळ्यात जनावर घेणार नाहीत, म्हणजे त्याआधी निघायला हवं. आणि पिंजरा — चारही बाजूंनी हवा यावी, आत जनावराला सरळ उभं राहता यावं, वळता यावं, डोकं किंवा कान छताला टेकता कामा नयेत.

लंबकचा एक कान पडका, एक उभा. सरांनी त्याला भिंतीशी उभं करून उभ्या कानाच्या टोकापर्यंत भिंग लावून माप घेतलं. तीनदा घेतलं. पोरांना ते नेहमी सांगायचे, एकदा मोजलं म्हणजे मोजलंच नाही. मग चिठ्ठी लिहून माझ्याकडं आणली — विमानवाल्यांसाठी सेंटिमीटर, माझ्यासाठी इंच आणि सूत. उंचीच्या आकड्यापुढं लिहिलं होतं, "आतून". खाली दोन रेघा.

पिंजरा करायला मला चार दिवस लागले. एका दिवसाचं काम.

काय सांगू तुम्हाला? लंबक तिथंच भुशावर पडलेला असायचा, आणि मी त्याला घेऊन जायची पेटी करत होतो. सर जाणार याचंही वाईट वाटत होतं, पण खरं सांगतो, सरांशिवाय मी राहिलो असतो. त्याच्याशिवाय दुपार कशी जाते हे मला माहीतच नव्हतं. अब्बा जाऊन दोन वर्षं झाली होती, आता मला कोण अडवणार होतं? आणि मातीतून त्याला मीच काढला नव्हता का?

सरांनी आतली उंची दिली होती. मी ती बाहेरून धरली. खाली जाड फळी, फळीखाली आडव्या पट्ट्या, वर छताला आतून पट्ट्या — दिसायला कसा मजबूत. आत अडीच इंच कमी. चूक नाही ही. चूक झाली असती तर मी आज हे सांगत बसलो नसतो.

सर तपासायला आले. भिंग घरी राहिलं होतं, टेपवरचे आकडे त्यांना दिसत नव्हते. टेप मी लावली, बाहेरून, आणि आकडा वाचून दाखवला. आकडा बरोबर होता. मग लंबकला आत जायला सांगितलं. आत मी माझा जुना शर्ट अंथरला होता. त्यानं वास घेतला आणि मुकाट आडवा झाला. आडव्या कुत्र्याचा कान कशाला टेकतोय? सर खूश झाले. पिंजऱ्यावर हात फिरवत म्हणाले, "तुझ्या हातचं काम हाय, मला काय बघायचंय त्यात."

ऑपरेशनची तारीख मला माहीत होती. हेही सांगायला हवं. विमानतळावर अडवलं तर सर कुत्र्याला घेऊन परत येतील असं मी स्वतःला सांगत होतो खरा, पण ती तारीख चुकवता येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

पुढचं जीपवाल्यानं सांगितलं. उदगीर, बिदर करत ते वेळेवर पोचले. काउंटरपर्यंत सगळे कागद बरोबर निघाले. तिथल्या गोंगाटाला लंबक बिचकला आणि पिंजऱ्यात उभा राहिला. उभा कान छताला लागून दुमडला. तिथल्या माणसानं टेपसुद्धा काढली नाही. नुसतं बघितलं आणि नाही म्हणाला. सरांनी विनवलं, मुलाला फोन लावून बघितला. मग पिंजऱ्याजवळ खाली बसले, जाळीतून बोट आत घातलं आणि चिठ्ठीतले आकडे तोंडानं म्हणत राहिले. शेवटची हाक झाली तेव्हा जीपवाल्याला म्हणाले, "मुनीरकडं नेऊन सोड. त्याच्याकडं राहतंय ते."

संध्याकाळी जीप दुकानापुढं थांबली. मी दार उघडलं. लंबक उतरला, माझ्या पायावरून गेला आणि रस्ता ओलांडून सरांच्या कुलूप लावलेल्या दारापुढं जाऊन बसला.

पाचव्या-सहाव्या दिवशी सरांचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं, डोळ्यांवर पट्टी होती. तब्येत सांगितली नाही, कुत्र्याचंही आधी विचारलं नाही. म्हणाले, "मुनीर, एक सांग. चिठ्ठीत मी आतून लिवलं होतं का न्हाई?"

दुकानात तेव्हा एक नवा क्लासवाला बसला होता, पन्नास बाकांचं ठरवायला. चिठ्ठी माझ्यासमोर होती, पेन्सिलींच्या डब्यात. मला एवढंच म्हणायचं होतं — सर, माझंच चुकलं, मी बाहेरून धरलं. तेही अर्धं खोटंच होतं, पण त्यात सर सुटले असते. गिऱ्हाईक ऐकत होतं. मुनीरचं माप चुकलं हे त्याच्या कानावर पडलं असतं.

मी म्हणालो, "न्हाई सर. आतून असं काई लिवलेलं नव्हतं."

मग ते म्हणाले, "बरं. आता नवा पिंजरा कर. अन् या बारीला माप तूच घे. माझ्यावर इसंबू नको."

ज्या माणसानं तीस वर्षं पोरांना मोजायला शिकवलं, तो मला हे सांगत होता. मी हाव म्हणालो.

नवा पिंजरा मी केला नाही. सीझन आहे म्हणालो, बाक आहेत म्हणालो. मग उन्हाळा लागला आणि नियमच आडवा आला. मला बरंच वाटलं. लंबक दुकानात यायचा, माझ्या हातचं थोडं खायचा, पण चार वाजले की उठून त्या दारापुढं जायचा, आणि अंधार पडेपर्यंत तिथून हलायचा नाही. तो माझ्याकडं होता आणि मला त्याची आठवण येत होती. असं कधी झालंय तुम्हाला? श्रावणात तो गेला. सरांच्या अंगणात सीताफळाखाली मी खड्डा केला. सरांना फोनवर सांगितलं, हे तरी खरं सांगितलं.

सरांनी पुन्हा कधी शिकवलं नाही. गुवाहाटीत शेजारची पोरं गणितं घेऊन यायची, त्यांना ते परत पाठवायचे. मुलानंच एकदा सांगितलं — एक डोळा टिकला होता, वाचता येत होतं, पण बाबा म्हणतात, मला आता माझी चूक सापडत नाही, पोरांची काय सापडणार?

सर आहेत अजून. आता दोन्ही डोळे गेले. दर ईदला न चुकता फोन करतात. दर ईदला मी ठरवतो, आज सांगायचं. आणि मुलीची चौकशी, नातवाची चौकशी, हवापाणी यात फोन संपतो. इतकी वर्षं झाली.

परवाच्या ईदला बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं, "मुनीर, लंबकला किती कमी पडलं होतं रे?"

मी म्हणालो, "अडीच इंच."

सुताराच्या तोंडून माप कसं पटकन येतं, तसं ते आलं. विमानतळावर कोणी मोजलं नव्हतं. सरांना आकडा ठाऊक नव्हता, जीपवाल्याला नव्हता. तो पिंजरा मी त्याच आठवड्यात फोडून जाळला होता. अडीच इंच हे जगात एकट्या मला माहीत होतं.

त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. ते हिशोब करत असणार — खालची फळी, पट्ट्या, वरच्या पट्ट्या. चुकून इंचभर जातं, अडीच जात नाही. तेवढं गणित त्यांना डोळ्यांशिवायही येतं.

मग म्हणाले, "बरं. शीरखुर्मा झाला का खाऊन?"

"हाव सर," मी म्हणालो. वाटी समोर तशीच होती.