जावेच्या दोन खोल्या आणि माझं गप्प बसणं

माझं माहेर मुरबाडकडचं. तिथे स्थळाची चौकशी करायला कुणी आलं, तर मुलीबद्दल वाईट बोलायचं नाही अशी रीत आहे. मुलगी चांगली असेल तर शेजारीण चहा टाकते आणि न विचारता बोलत सुटते. नसेल तर एवढंच म्हणते, "बघा बाबा, तुमचं तुमी." पाहुणा पाणी पिऊन उठतो. नाही असं कुणी म्हटलेलं नसतं, पण लग्न मोडलेलं असतं.

ही रीत मी एका परक्या पोटुशी बाईवर वापरली. दोन वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही असं म्हणता येणार नाही, कारण भर बैठकीत ते उघडं पडलं. पण का केलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आसनगावात बायकांसाठी एक मदत केंद्र आहे. तिथे मी तेव्हा अकरा वर्षं काम करत होते. वीटभट्टीवरून परत आलेल्या कातकरी बायका, वाशिंदच्या कारखान्यांत लागलेल्या परप्रांतीयांच्या बायका, सगळ्यांचे कागद माझ्या हातून गेलेत. मग जवळच्या एका कॉलेजात आफ्रिकेतली मुलं शिकायला येऊ लागली. त्यांच्याबरोबर कुणाची बायको, कुणाची बहीण. नव्या इमारतींत भाडं कमी म्हणून ती इथेच राहत. पण त्या बायकांना खोली मिळायची मारामार. घरमालकाला परदेशी भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवावी लागते, आणि ते लचांड कुणाला नको असतं. खरं म्हणजे काळी बाईच नको असते, लचांड हे निमित्त.

या बायकांना घर, दवाखाना, कागद नीट मिळावेत म्हणून आमच्या केंद्राचं काम सुधारायला मुंबईच्या एका संस्थेने वर्षभराची फेलोशिप ठेवली. मी अर्ज केला. घरी नवऱ्यालाही बोलले नाही. रोज टपाल बघायचे.

फेलोशिप मिळाली टांझानियाहून आलेल्या एका बाईला. मुंबईत समाजकार्य शिकलेली, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मला सांगण्यात आलं की तिला काम समजावून द्या.

पहिल्याच आठवड्यात तिने माझं टेबल भिंतीला लावलं. "ताई, ये टेबल बीच में क्यों?" एवढंच विचारलं. खाली चटई टाकली आणि बायका तिच्याभोवती बसू लागल्या. मी त्यांना कागद आणलेत का विचारायचे. ती विचारायची, जेवलीस का? घरमालकासाठी तिने पोलिसांना द्यायचा फॉर्म कसा भरायचा त्याचा एक नमुना भरून ठेवला, आणि पोलीस ठाण्यात त्यांच्याबरोबर स्वतः जायला लागली. अकरा वर्षांत हे मला का सुचलं नाही, याचा राग मी तिच्यावर काढला. म्हणजे बोलून नाही. रजिस्टर जरा जोरात मिटायचं, इतकंच.

एकदा एका कातकरी म्हातारीने नाचणीचं पीठ आणलं. या बाईने ते उकळत्या पाण्यात घोटून घट्ट गोळा केला आणि सुकटीच्या कालवणात बोटांनी बुडवून खाल्ला. तिच्या गावी असंच खातात म्हणे. म्हातारी बघतच राहिली.

"अगो, ही तं आमच्यासारकीच खाते." मग तिच्या हाताशेजारी आपला हात धरून म्हणाली, "बघ. आमालापन गावात काळेच म्हंतात. तुला म्हंतात त्यात नवीन काय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग रजिस्टर जोरात मिटलं. त्या म्हातारीचं रेशनकार्ड मी तीन खेपा शहापूरला घालून करून दिलं होतं. मी काय खाते, हे तिने मला कधी विचारलं नव्हतं.

त्याच सुमाराला युगांडाची एक बाई केंद्रात आली. सातवा महिना. नवरा कॉलेजात, आणि घरमालकाने महिनाअखेर खोली सोडायला सांगितलेली. फेलोशिपवाल्या बाईने तिच्यासाठी आसनगावभर पायपीट केली आणि दोन खोल्या शोधल्या. तळमजला, नळाला पाणी, दवाखाना हाकेच्या अंतरावर. घर माझ्या चुलत जावेचं निघालं. जाऊ जवळजवळ तयार झाली होती. फक्त संध्याकाळी ती माझ्याकडे आली.

"जाऊबाय, तुमच्या हाफिसातली बाई आलेली. पोटुशी पोरीला खोल्या मागते. देऊ का? तुमी वळखता ना तिला?"

मी तांदूळ निवडत होते. ती युगांडाची मुलगी मला चांगली माहीत होती. शांत, नीटनेटकी. येताना दर वेळी चपला कोपऱ्यात जोडून ठेवायची. मला फक्त "दे गो" एवढंच म्हणायचं होतं. पण डोळ्यांसमोर आली ती फेलोशिपवाली, उद्या सगळ्यांना आनंदाने सांगणारी, की ताई, खोली मिळाली. आणि बायका तिचे हात धरणार.

"बघ बाई, तुझं तू," मी म्हणाले.

जावेने पाणी प्यायलं आणि ती उठली.

त्या मुलीला वाशिंदला चौथ्या मजल्यावर जागा मिळाली. लिफ्ट बसवलेली, पण सुरू नव्हती. पाणी खालून वर न्यायचं. आठव्या महिन्यात जिने झेपेनात म्हणून तिने तपासणीला जाणं सोडलं. फेलोशिपवाली बाई लोकलने तिकडे जाऊन तिचे हंडे वर चढवून द्यायची. परत आल्यावर टाचा चोळत बसायची. मी तिला चहा करून द्यायचे. तेव्हा मी चहा फार चांगला करत असे.

बाळ सुखरूप झालं. त्याच्या आईची तब्येत मात्र बरेच दिवस खालावलेली होती. रक्त कमी. आधीच कळायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

पुढे घरमालकांची बैठक ठेवली, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये. फेलोशिपवाल्या बाईने लिहून आणलं होतं आणि मी ते मराठीत वाचून दाखवत होते. त्यात होतं की एका घरमालकिणीने गरोदर बाईला रंग बघून खोल्या नाकारल्या. नाव नव्हतं, पण जावेला ते कळलं. ती उभी राहिली.

"मी देत व्हते. रंगाचं मला काय? मी जाऊबायला विचारलं, तिनंच नाय म्हटलं."

"मी नाही म्हटलेलं नाही," मी म्हणाले.

"नाय कसं? 'बघ, तुझं तू' म्हणालात तुमी. याहून नाय आनखी कसं म्हंतात?"

हॉलमधल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तिथे न समजलेली एकच होती. ती माझ्याकडे वळली. "ताई, 'बघ तुझं तू' में ना कहाँ है?"

मग मला तिला समजावून द्यावं लागलं. मोडक्या हिंदीत, सगळ्यांसमोर, माझ्या माहेरची रीत, चहा, पाणी, उठून जाणं, सगळं. कारण काय, ते तिने विचारलं. मी म्हणाले, माहीत नाही. तेवढं खोटं बोलले.

मग तिने वही काढली आणि लिहिलं. त्यानंतर केंद्रात एक नियम आला. नवीन बाईसाठी घर बघायला तिच्या ओळखीची इथली एक बाई सोबत जाणार आणि घरमालकासमोर तोंडाने स्पष्ट सांगणार, मी हिला ओळखते, खोली द्या. गप्प बसायचं नाही. पहिली खेप माझ्यावर आली. तीच युगांडाची मुलगी, कडेवर बाळ, आणि जावेच्याच खोल्या, ज्या मधे दुसऱ्यांना देऊन तोवर पुन्हा रिकाम्या झाल्या होत्या.

दारात जाऊ माझ्या तोंडाकडे बघत उभी.

"मी ओळखते हिला," मी म्हणाले. "चांगली आहे. दे खोल्या."

"तवा काय तोंडात तांदूळ व्हते?" जाऊ म्हणाली, आणि बाळाला घ्यायला तिने हात पुढे केले.

तो नियम मुंबईच्या संस्थेला फार आवडला. फेलोशिपवाल्या बाईला तो तिकडे मांडायला बोलावलं, तिचा फोटोही लागला. मी तो दोनदा पाहिला. माझ्या पापातूनही काम तिचंच उभं राहिलं. जाण्याआधी तिने मला विचारलं होतं, "ताई, साथ चलोगी?" मी म्हणाले, "बघ, तुझं तू."

ती हसली. आता तिला ते समजत होतं.