पानांच्या कडेचे काळे ठसे

मी काजूच्या कारखान्यात जायची तेव्हाची गोष्ट. टरफलाच्या तेलाने बोटं काळी पडत, कातडी सोलून निघे. राख चोळली तरी तेल आत शिरायचंच. धाकट्या जावेचं बाळ मी कधी उघड्या हातांनी घेतलं नाही, पदरात गुंडाळून घ्यायची.

मुलगी अकरावीला होती. रोज होडीने खाडी ओलांडायची आणि पलीकडच्या मोहल्ल्यातून एसटी धरून रत्नागिरीला कॉलेजात जायची. तिला मास्तरीण व्हायचं होतं. हे मुंबईला कामाला. जाताना मला बजावून गेले होते, "काही वेडंवाकडं कानावर आलं तर कॉलेज बंद आणि लगेच लग्न." मला स्वतःला चौथीतून काढलेलं. त्यामुळे तिच्या कॉलेजची भीती मला तिच्याहून जास्त होती.

चैत्रात तिने वाचनालयातून एक पुस्तक आणलं. वर वर्तमानपत्राचं कव्हर. मी जवळ गेले की ती ते मिटायची. अभ्यासाचं पुस्तक कोण मिटतं?

रविवारी ती विहिरीवर धुणं घेऊन गेली की मी भाताच्या कणगीमागून ते काढायची आणि अक्षर अक्षर लावत वाचायची. बोट जिभेला लावून पान उलटायची सोय नव्हती, जीभ भाजली असती. गोष्ट एका मुलीची होती. ती ज्याला हात लावील ते करपायचं. गावाने तिच्या हातांना ओली फडकी बांधली होती. आणि तिचा जीव जडला नदीपलीकडच्या, वैऱ्यांच्या मुलावर. दोघं बोलताना दिसली तरी बुडवणार होते. सगळं रचलेलं, हे मला कळत होतं. पण ती फडकी मला खरी वाटली.

तिसऱ्या रविवारी पानांत सुरंगीचं फूल सापडलं. सुकलेलं, तरी वास होता.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात शेजारी बसणारीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "सुरंगी कुठं मिळते गो?"

"आपल्या वाडीत कुठली? खाडीपलीकडं मशिदीमागं एक झाड हाय." मग ती हसली. "माळतेस कोणासाठी? घोव तर मुंबईला."

त्या दिवसापासून माझं लक्ष होडीवर. होडी लागल्यावर ही किती वेळाने घरी येते ते बघायची. विंचरायच्या निमित्ताने तिचे केस हुंगायची.

"आई, उवा शोधतेस की काय?" ती म्हणायची.

मे महिन्यात हे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी कणगी सरकवताना पुस्तक त्यांच्या हाताला लागलं. उघडलं तसं फूल खाली पडलं. त्यांनी ते उचलून हुंगलं.

"कोणी दिलान हे?"

मुलगी चुलीपुढे बसली होती. तिची मान जशी खाली गेली, त्यावरून माझा संशय पक्का झाला.

"जूनपासून घरात बसायचं," हे म्हणाले. "एक स्थळ बघून ठेवलंय मी."

मी घरातही फारशी बोलत नाही. पण तोंडातून गेलं, "पुस्तक मी वाचते."

"तू? चौथीवाली?"

ते हसत पानं चाळू लागले आणि थांबले. पानांच्या कडेला काळपट ठसे होते. मला ते तोवर दिसलेच नव्हते. मुलीला दिसले असणार, आणि तरी तिने फूल तिथेच ठेवलं होतं. ह्यांनी माझा हात ओढला, अंगठा एका ठशावर ठेवला. बरोबर बसला.

"आणि फूल?"

"तेही माझंच. कारखान्यातल्या एकीने दिलं."

"एकीने की एकाने?"

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी फूल चुलीत टाकलं. जूनपासूनच्या गोष्टी त्यानंतर निघाल्या नाहीत.

मुलगी पुढे शिकली, मास्तरीण झाली. हे मात्र तेव्हापासून पत्र न टाकताच येऊ लागले. एकदा कारखाना सुटला तर समोरच्या आंब्याखाली उभे होते. सुरंगीचा वास आला की अजून माझ्याकडे बघतात.

पुस्तक तिने दुसऱ्याच दिवशी परत केलं. माझी शेवटची पानं राहिली. ती पोर नदी ओलांडून गेली की नाही, हे मुलीला विचारता आलं असतं. पण एक विचारलं असतं तर दुसरंही विचारावं लागलं असतं.