तुटक रेषेतलं सैन्य

नव्वदच्या दशकात आखातात, कुरुमच्या आमच्या ऑफिसात माझ्या तोडीचा ड्राफ्ट्समन नव्हता. हे मीच सांगतो, कारण सांगायला दुसरं कोणी आता तिथे उरलेलं नाही.

आमचे जर्मन साहेब निवृत्तीला आले होते. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांनी मला ऑफिसात बोलावून घरगुती काम दिलं. त्यांचे वडील महायुद्धात जनरल होते. जर्मनी हरत आली तेव्हा त्यांना नवी कोअर, म्हणजे तीन डिव्हिजनचं सैन्य, उभी करायला सांगितलं होतं. त्या सैन्याचा तक्ता साहेबांना भिंतीवर लावायचा होता. साहेबांचा थोरला भाऊ त्याच सैन्यात मारला गेला होता.

"तो एकटा नव्हता, त्याच्याबरोबर हजारो होते, असं बाबा आईला सांगायचे," साहेब म्हणाले. एवढ्या एका वाक्यावर त्या आईने दिवस काढले होते.

मी ट्रेसिंग पेपरवर शाईने चौकटी काढल्या. वर जनरल, खाली तीन डिव्हिजन, त्यांच्याखाली बटालियन. काम देखणं झालं. पण आमच्या धंद्यात जे जागेवर उभं आहे ते सलग रेषेत आणि जे नुसतं ठरलंय ते तुटक रेषेत काढतात. इमारत असो की सैन्य, मी त्यात सूट देत नाही.

"सर, यातलं प्रत्यक्षात उभं काय राहिलं? साइट न बघता सही कशी करू?"

साहेब चिडले. मग वडिलांची डायरी काढली. ती त्यांनी कधी पुरती वाचलीच नव्हती. वाचून ते मला इंग्रजीत सांगत गेले. पहिली डिव्हिजन आलीच नाही. दुसरी कागदावरच राहिली. तिसरीतली एकच बटालियन पोचली. हुकूम मात्र तिन्ही डिव्हिजनना रोज सुटत होते. मी ब्लेडने शाई खरवडून एकेक चौकट तुटक करत गेलो.

शेवटी सलग चौकटी दोनच उरल्या. एक जनरलची, दुसरी त्या बटालियनची. भाऊ तिच्यात होता.

मला माझ्याच आगाऊपणाचा राग आला. "सर, पहिल्यासारखा करून देतो. विषय खलास."

"नको."

त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं. वडिलांपासून भावापर्यंतची रेषा मी तुटक ठेवली होती, कारण दोघांच्या मधली डिव्हिजनच उभी राहिली नव्हती. ती त्यांनी सावकाश सलग केली.

"बाबांचा हुकूम तर त्याच्यापर्यंत पोचला होता," ते म्हणाले.

मग मी सही केली.