वकीलसाहेब आधी गल्लीत शिरले

मंडळी, आज आपल्या बीडच्या नगर कमिटीत घडलेलं सांगतो. मी तिथं कारकून आहे.

प्लेगची गल्ली साफ करा, असा हैदराबादेहून निजाम सरकारचा हुकूम आला होता. झाडूवाले जाईनात. मेंबर म्हणाले, सगळ्यांना कामावरून काढा.

दाराबाहेरून झाडूवाल्यांचा मुकादम गणपा बोलला, "साहेब, आमालाबी लेकरं हायती. तुमच्यातलं कुणी येतंय का तिकडं?"

 मेंबरांतले म्हातारे वकीलसाहेब उठले, धोतर खोचलं. "चला, मी येतो."

गल्लीत आधी ते शिरले, मागून झाडूवाले.

दुपारी परतल्यावर त्यांनी गणपाला कमिटीच्या सतरंजीवर शेजारी बसवलं. म्हणाले, "कमिटीचा पुढचा हुकूम तुला विचारून काढू."

मला लई बरं वाटलं. तुमच्या गावचे मेंबर असे सोबत जातात का?