पाचवं मूळ

दवाखान्यात त्याला सगळे ‘रोखा’ म्हणत. तेवीस वर्षं तो एक्स-रे काढत होता आणि दिवसातून साठ वेळा एकच मंत्र म्हणत होता, "श्वास घ्या. रोखा. सोडा." रोगी बिचारे घेत, रोखत, सोडत आणि घरी जात. रोखा मात्र त्या शिशाच्या पत्र्याने मढवलेल्या बिनखिडकीच्या खोलीतच राही. संध्याकाळी सुटला, की दादाच्या घरी येऊन दुसऱ्या बंद खोलीत शिरे.

या दुसऱ्या खोलीला खिडकी होती, हे मान्य करायला हवं. दुधी काचांच्या दोन झडपांची, चांगली ऐसपैस. फक्त ती सहा वर्षांत उघडली नव्हती आणि त्याला एक रोप कारण होतं.

दवाखान्याच्या आवारातलं मोठं झाड छाटलं, तेव्हा पडलेल्या फांदीवर त्याला दोन ऑर्किडं सापडली. पहिलं त्याने प्रेमाने कुंडीत लावलं, खत घातलं, सकाळ-संध्याकाळ पाणी पाजलं. पंधरा दिवसांत मुळांचा लगदा झाला. झाडावर राहणाऱ्या ऑर्किडला माती सोसत नाही, मुळांना वारा लागतो, हे त्याला असं एक जीव घेऊन कळलं. दुसऱ्याच्या बाबतीत तो इतका सावध झाला, की हाडांच्या वॉर्डातलं क्रेप बँडेज आणून त्याने ते खिडकीच्या डाव्या झडपेला, लाकडावर, बांधून टाकलं.

"चार दिवसांपुरतं हं," तो वहिनीला म्हणाला. "ओंडका मिळाला की हलवतो."

ओंडका काही मिळाला नाही. मुळांनी मात्र लाकूड धरलं. धरलं म्हणजे असं, की ओढाल तर मूळ तुटेल पण सुटणार नाही. त्यातली पाच मुळं मधली फट ओलांडून उजव्या झडपेवर गेली आणि तिथेही ठाण मांडून बसली. झालं! कडी लावायची गरजच उरली नाही.

वहिनी बांडगूळ म्हणायची. रोपाला.

"बांडगूळ झाडाचा रस पितं, वहिनी," रोखा दर वेळी कळवळून सांगायचा. "हे नुसती बसायला जागा मागतं. पाऊस आणि हवा यांच्यावर जगतं. झाडाचं काही घेत नाही."

"हो का? मग मघाशी दुसऱ्यांदा वाढून कोणी घेतलं, भाऊजी?"

वर्तमानपत्राआड दादा खुसखुसायचा.

यंदा रोपाला पहिल्यांदा फुलांचा तुरा आला. रोखा रोज पट्टी लावून मोजायचा. पण तुऱ्याला उजेड हवा होता. तुऱ्याने झडपांखालची बोटभर फट शोधली आणि तो गेला बाहेर. दुधी काचेतून एक जांभळट डाग तेवढा दिसे. तेवीस वर्षांचा अनुभवी माणूस मान वाकडी करकरून त्या डागाकडे बघत बसे, पण त्याचं निदान काही होत नसे.

त्यातच त्याला खोकला लागला. डॉक्टरांनी त्याचाच एक्स-रे काढवला, म्हणाले, "फुप्फुसं ठीक आहेत. हवा बदला."

"हवा बदलायला आधी खिडकी उघडावी लागते," वहिनी म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी सुतार येतोय. ती खिडकी उघडणार म्हणजे उघडणार. कुजाल हो तुम्ही या खोलीत!"

सुतार आला तो हसतच. "फुलांची खिडकी हीच ना? खाली दोन बायका भांडतायत, फुलं खरी की प्लास्टिकची म्हणून."

रोखा चपला न घालताच धावला. घराचं दार मागच्या गल्लीत, खिडकी बाजाराच्या रस्त्यावर. सहा वर्षांत तो त्या बाजूला फिरकलाच नव्हता. वर बघितलं. हातभर लांबीचा, पांढऱ्या-जांभळ्या फुलांनी गच्च भरलेला तुरा वाऱ्यावर डुलत होता आणि त्याच्यामागे एक बंद, मळकट खिडकी होती. कोण राहत असेल बुवा इथे, असं त्याच्या मनात आलं. मग तो पायऱ्या चढून पुन्हा वर गेला.

सुतार चष्मा लावून मुळं तपासत होता. "सगळं रोप तर डाव्या झडपेवर आहे. उजवीकडे पाचच मुळं. ती कापली तर मरेल का हो?"

रोखा पाण्याच्या फवाऱ्याचं झाकण घट्ट करत राहिला.

"अहो, विचारतायत ते," वहिनी म्हणाली.

"नाही मरणार. डावीकडे तीसेक आहेत."

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच वर्षी."

वहिनी त्याच्या पलंगावर मटकन बसली. सुताराने कधी नव्हे ते आपलं पातं न मागता रोखाच्या हातात दिलं.

रोखाने पहिलं मूळ कापलं. दुसरं. तिसरं. चौथं. खिडकी करकरली. पाचव्याचं टोक हिरवंगार होतं; म्हणजे ते अजून वाढत होतं. त्याने पातं टेकवलं आणि तो तसाच थांबला.

बोला की वहिनी, तो मनात म्हणत होता. ओरडा. बांडगूळ म्हणा. हात धरून कापायला लावा.

वहिनीने मुळावर टेकलेल्या पात्याकडे पाहिलं. उठली, पातं हळूच काढून घेतलं आणि सुताराला म्हणाली, "राहू द्या आता. फुलं गळल्यावर बघू."

हे ‘नंतर बघू’ सहा वर्षं त्याचं होतं. तिच्या तोंडून आलं आणि त्याला एकदम घुसमटल्यासारखं झालं.

सुताराने हत्यारं गुंडाळली. रोखाने खोकत खोकत पाण्याचा फवारा उचलला आणि पाचव्या मुळावर मारला. करडं मूळ त्याच्या डोळ्यांदेखत हिरवं होत गेलं, या झडपेपासून त्या झडपेपर्यंत.